२४ हजार वर्षांचा बागुलबुवा

अणुऊर्जेवर किंवा अणुकचऱ्यावर वाद सुरू झाला की थोड्याच वेळात एक आकडा हमखास पुढे येतो: २४ हजार वर्षं. प्लुटोनिअम-२३९ चं अर्धायुष्य तेवढं आहे, नेमकं सांगायचं तर २४,१०० वर्षं. आकडा खरा आहे. तो उच्चारला की समोरचा गप्प होतो, कारण माणसाच्या लिखित इतिहासाच्या चार-पाचपट काळ म्हटल्यावर बोलायचं तरी काय? माझं म्हणणं असं आहे की धोका जोखायला हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. वर्षं मोजत बसायच्या या सवयीमुळे जे विचारायला हवं ते विचारायचं राहून जातं, आणि त्याचा फायदा ज्यांना माहिती द्यायचीच नसते त्यांना होतो.

साधा हिशेब करून पाहू. अर्धायुष्य म्हणजे पदार्थातले निम्मे अणू फुटायला लागणारा काळ. हा काळ जितका लांब, तितके दर सेकंदाला फुटणारे अणू कमी. एक ग्रॅम युरेनिअम-२३८ घेतलं, तर त्यात सेकंदाला सुमारे १२,४०० अणुकेंद्रं फुटतात. त्याचं अर्धायुष्य जवळपास साडेचार अब्ज वर्षांचं आहे. एक ग्रॅम रेडिअम-२२६ मध्ये सेकंदाला ३,७०० कोटी. अर्धायुष्य १,६०० वर्षं. आणि आयोडीन-१३१, ज्याचं अर्धायुष्य अवघं आठ दिवसांचं, त्याच्या एका ग्रॅमचा आकडा लिहायला चारावर पंधरा शून्यं द्यावी लागतात. म्हणजे ज्या गुणामुळे एखादा पदार्थ ‘कधीच संपणार नाही’ म्हणून घाबरवतो, त्याच गुणामुळे तो आज, या क्षणी कमी मारा करत असतो. ‘लाखो वर्षं किरणोत्सर्गी’ आणि ‘तीव्र किरणोत्सर्गी’ हे दोन्ही एकाच वस्तूबद्दल एका दमात म्हणणारा माणूस बहुधा दोन वेगवेगळ्या पदार्थांबद्दल बोलत असतो.

यात एक चमत्कारिक गोष्ट आहे. अणुकेंद्राला वय नसतं. पृथ्वीच्या जन्मापासून न फुटलेला युरेनिअमचा अणू पुढच्या सेकंदात फुटण्याची शक्यता अजिबात वाढलेली नसते. माणूस म्हातारा होतो, यंत्र झिजतं, पण इथे झीज नावाची भानगडच नाही. आल्फा कण, म्हणजे अणुकेंद्रातून बाहेर पडणारा एक जड तुकडा, अणुकेंद्राच्या भिंतीतून पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) नियमाने निसटतो आणि कोणता अणू कधी फुटेल हे सांगता येत नाही, हे १९२८ मध्ये जॉर्ज गॅमोव्हने आणि स्वतंत्रपणे गर्नी आणि काँडन यांनी दाखवलं. एका अणूचं भविष्य कुणालाच माहीत नाही, पण अब्जावधी अणूंचं इतकं अचूक माहीत की त्यावरून खडकांची वयं काढता येतात.

मग धोका कशावर ठरतो? बाहेर काय पडतं, किती ऊर्जा घेऊन पडतं, आणि ते पडताना पदार्थ कुठे असतो, यावर.

पोलोनिअम-२१० आल्फा कण सोडतं, ५३ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा. शरीरातल्या रेणूंचे बंध तोडायला काही इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं. पण हा कण हवेत काही सेंटिमीटरच जातो, आणि त्वचेवरच्या मृत पेशींचा थरही त्याला अडवायला पुरतो. तोच पदार्थ पोटात गेला, की ती सगळी ऊर्जा मिलिमीटरच्या वीस-पंचविसाव्या भागात, दोन-चार पेशींच्या अंतरात खर्च होते. २००६ साली लंडनमध्ये रशियाचे माजी हेर अलेक्झांडर लिट्विनेंको यांच्यावर याच पदार्थाचा प्रयोग झाला. पोलोनिअम-२१० च्या साधारण लाखातल्या एकाच विघटनात गॅमा किरण, म्हणजे एक्स-रेसारखा पण जास्त भेदक किरण, बाहेर पडतो, त्यामुळे नेहमीच्या गॅमा तपासणीत काही सापडलं नाही. विष ओळखू आलं ते मृत्यूच्या काही तास आधी. किरणोत्सर्गमापक काही दाखवत नाही म्हणजे काही नाही, असं समजणाऱ्यांनी हे प्रकरण लक्षात ठेवावं. मापक कोणत्या किरणांसाठी बनवलेलं आहे, हे विचारल्याशिवाय त्याच्या शांततेला अर्थ नाही.

बीटा कणांची, म्हणजे अणुकेंद्रातून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची, तऱ्हा वेगळी. एकाच पदार्थातून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा दर वेळी वेगळी निघते, हे पाहून विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे भौतिकशास्त्रज्ञ चक्रावले होते; ऊर्जा अक्षय्यतेचा नियम सोडून द्यायचीही काहींची तयारी झाली होती. १९३० मध्ये वुल्फगांग पाउलीने एका न दिसणाऱ्या कणाच्या नावावर ती हरवलेली ऊर्जा मांडली, आणि १९५६ मध्ये राइनेस आणि कोवन यांनी अणुभट्टीजवळ तो कण, म्हणजे न्यूट्रिनोचा प्रतिकण, पकडून दाखवला. आपल्या चर्चेपुरता मुद्दा एवढाच की बीटा विघटनातली बरीच ऊर्जा हा कण घेऊन जातो आणि शरीरातून काहीही न बिघडवता निघून जातो. बाहेर पडलेली ऊर्जा आणि आपल्याला लागलेली ऊर्जा यांत फरक असतो तो असा.

आता वर्तमानपत्रांतल्या मोठ्या आकड्यांकडे येऊ. जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात मार्च २०११ मध्ये अपघात झाला; तिथल्या टाक्यांमधलं प्रक्रिया केलेलं पाणी ऑगस्ट २०२३ पासून समुद्रात सोडायला सुरुवात झाली. त्यासाठी ट्रिटिअमची (हायड्रोजनच्या किरणोत्सर्गी प्रकाराची) वार्षिक मर्यादा ठरवली आहे २२ लाख कोटी बेकेरेल. बेकेरेल म्हणजे सेकंदाला एक विघटन. एवढा आकडा वाचून कुणाचीही छाती दडपेल, आणि बातमीत तो तसाच, उघडा-बोडका छापला जातो.

त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवू. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात सप्टेंबर १९८७ मध्ये ओस पडलेल्या एका दवाखान्यातलं कर्करोगोपचाराचं यंत्र दोघांनी भंगार म्हणून उचललं. आतल्या कुपीत सीझियम क्लोराइड होतं, ९३ ग्रॅम, आणि त्याचा किरणोत्सर्ग सुमारे ५१ लाख कोटी बेकेरेल. म्हणजे फुकुशिमाच्या वार्षिक मर्यादेच्या जेमतेम अडीचपट. भंगारवाल्याला रात्री ते निळसर चमकताना दिसलं. त्याने ते घरात आणलं, नातेवाइकांना आणि मित्रांना चिमूट-चिमूट वाटलं. काहींनी अंगाला लावलं. सहा वर्षांच्या एका मुलीने त्या भुकटीने माखलेल्या हातांनी खाल्लं. सीझियम क्लोराइड हे मीठच, पाण्यात विरघळणारं, हाताला चिकटणारं, म्हणून ते घरोघर पसरलं. अखेर भंगारवाल्याच्या बायकोला घरातल्या आजारपणांचा संशय आला आणि कुपीचे अवशेष पिशवीत भरून बसने आरोग्य अधिकाऱ्यांकडे नेले गेले. एक लाखाहून अधिक लोक तपासावे लागले, २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात सीझियम सापडलं, चार जण मेले. ती मुलगी आणि भंगारवाल्याची बायको त्यांत होत्या.

बेकेरेलमध्ये दोन्ही आकडे एकाच घरातले. पण ट्रिटिअमच्या एका विघटनात इलेक्ट्रॉनला मिळते सरासरी ५,७०० इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि हा इलेक्ट्रॉन त्वचेच्या मृत थरातूनही आत शिरू शकत नाही. सीझियम-१३७ च्या विघटनात बीटा कण तर निघतोच, शिवाय बहुतेक वेळा ६ लाख ६२ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचा गॅमा किरण निघतो, जो भिंतीपलीकडच्या माणसालाही गाठतो. एका विघटनामागे शंभरपटींहून अधिक फरक. शिवाय ट्रिटिअम समुद्रात मिसळताना लिटरला १,५०० बेकेरेलच्या खाली ठेवण्याची अट आहे; पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक पातळी १०,००० आहे. २२ लाख कोटी बेकेरेल ट्रिटिअमचं वजन भरतं सुमारे ०.०६ ग्रॅम. आणि तुलनेसाठी हेही सांगायला हवं की पोटॅशिअम-४० आणि कार्बन-१४ मुळे प्रत्येक प्रौढ माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सात-आठ हजार विघटनं होतच असतात.

इथवर वाचून कुणाला वाटेल की हा लेख अणुउद्योगाची वकिली करतोय. थांबा. दुसऱ्या बाजूची लबाडीही तितकीच जुनी आहे, आणि तीही याच आकड्यांच्या आडून चालते.

‘एका एक्स-रेइतका डोस’, ‘विमानप्रवासात मिळतो तेवढाच’ ही वाक्यं ऐकली की मी सावध होतो. नैसर्गिक किरणोत्सर्गाची जागतिक सरासरी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट (शरीराला लागलेला डोस मोजायचं एकक), हे खरं. पण सरासरी संपूर्ण शरीराची असते, आणि शरीर सगळीकडे सारखं नसतं. आयोडीन थायरॉइड ग्रंथीत जाऊन साठतं. स्ट्रॉन्शिअम आणि रेडिअम कॅल्शिअमच्या वाटेने हाडांत शिरतात. १९२० च्या दशकात अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांवर चमकणारा रेडिअमचा रंग लावणाऱ्या तरुण मुलींना कुंचल्याचं टोक ओठांनी अणकुचीदार करायला शिकवलं जाई. दर वेळी थोडं रेडिअम पोटात. त्यांचे जबडे झिजून गेले, हाडांचे कर्करोग झाले, आणि कंपन्या बराच काळ दुसऱ्याच रोगांची नावं पुढे करत राहिल्या. गंमत म्हणा की न्याय, रेडिअमची हीच हाडं शोधत जाण्याची खोड आता औषधाच्या कामी येते: हाडांत पसरलेल्या प्रोस्टेटच्या कर्करोगावर २०१३ पासून रेडिअम-२२३ वापरलं जातं. त्याचं अर्धायुष्य ११.४ दिवस. आपलं काम उरकून ते संपतं. तबकड्यांवरचं रेडिअम-२२६ त्या मुलींच्या हाडांत त्या गेल्यावरही तसंच होतं.

म्हणजे अर्धायुष्य बिनकामाचं नाही. ते माणसाच्या आयुष्याशी ताडून पाहावं लागतं, आणि शरीरातून पदार्थ बाहेर पडायला लागणाऱ्या काळाशीही. ट्रिटिअमचं पाणी साधारण दहा दिवसांत निम्मं बाहेर जातं. सीझियमला प्रौढ शरीरात तीन महिन्यांच्या आसपास लागतात. गोयानियात रुग्णांना प्रशियन ब्लू हे रंगद्रव्य पोटात देऊन तो काळ कमी केला गेला. हाडांत बसलेलं स्ट्रॉन्शिअम वर्षानुवर्षं हलत नाही. सगळ्यांत अडचणीचे ठरतात ते मधल्या टप्प्यातले पदार्थ: सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शिअम-९०, दोघांचंही अर्धायुष्य तीस वर्षांच्या आसपास. मारा जोरकस व्हावा इतके ते लवकर फुटतात, आणि एका पिढीने वाट बघून सुटका व्हावी इतके लवकर संपत नाहीत.

चेर्नोबिलचं उदाहरण तर माझ्या मुद्द्याचा गाभाच आहे. २६ एप्रिल १९८६ च्या स्फोटानंतर सामान्य लोकांवरचा सगळ्यांत ठळक, आकड्यांनिशी नोंदलेला आरोग्य परिणाम कोणत्या पदार्थाने घडवला? २४ हजार वर्षांच्या प्लुटोनिअमने नाही. ते बहुतांशी अणुभट्टीच्या जवळपास पडलं. तो घडवला आठ दिवसांच्या आयोडीनने. गवतावर पडलं, गाईंच्या दुधात उतरलं, मुलांच्या थायरॉइडमध्ये जमलं. २००५ पर्यंत बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत, तेव्हा मुलं किंवा किशोरवयीन असलेल्यांमध्ये, थायरॉइड कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण सापडले आणि त्यांतल्या मोठ्या हिश्श्याला ते दूध कारणीभूत होतं. दोन महिन्यांहून थोडा जास्त काळ ताजं दूध मुलांपासून दूर ठेवलं असतं, तर आठ अर्धायुष्यं उलटून आयोडीन अडीचशेव्या भागावर आलं असतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. २८ एप्रिलच्या रात्री सोव्हिएत वृत्तसंस्थेने जे चार-पाच ओळींचं निवेदन दिलं, त्यात अपघात झाला, एका भट्टीचं नुकसान झालं, उपाय चालू आहेत, बाधितांना मदत दिली जात आहे, आयोग नेमला आहे, एवढंच होतं.

फुकुशिमाच्या पाण्याबाबतही केंद्र चालवणाऱ्या टेप्को कंपनीवर अविश्वास उगाच निर्माण झाला नाही. टाक्यांत फक्त ट्रिटिअम उरलंय, असं वर्षानुवर्षं लोकांच्या मनावर ठसवलं गेलं. २०१८ मध्ये टेप्कोने मान्य केलं की प्रक्रिया केलेल्या बहुतांश पाण्यात स्ट्रॉन्शिअमसारखे इतर पदार्थही नियमापेक्षा जास्त आहेत आणि ते पुन्हा गाळावं लागेल. ट्रिटिअमबद्दलचं गणित बरोबरच होतं, पण ते दुसऱ्याच पाण्याचं होतं. त्यामुळे आज कुणी मासेमार ‘तुमचे आकडे नकोत’ म्हणाला तर त्याला अडाणी ठरवायची माझी तयारी नाही.

चांगलं उदाहरणही आहे. जानेवारी २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात एका खाणीतून निघालेल्या ट्रकमधून ८ मिलिमीटर लांब आणि ६ मिलिमीटर रुंद एवढीशी कुपी पडली. शोधायचा होता १,४०० किलोमीटरचा रस्ता. अधिकाऱ्यांनी लोकांना सांगितलं: आत सीझियम-१३७ आहे, बीटा आणि गॅमा दोन्ही किरण सोडतं, एक मीटरवर तासभर थांबलात तर दहा एक्स-रेइतका डोस, हातात घेतलीत तर त्वचा भाजेल, दिसली तर पाच मीटर लांब राहा आणि फोन करा. इथेही एक्स-रेची तुलना आहेच, पण पदार्थाचं नाव, अंतर आणि वेळ यांच्या सोबत. काही दिवसांत कुपी सापडली. लोकांना एवढं सगळं कळत नाही, त्यांना गोंधळात टाकू नये, असं म्हणणाऱ्यांनी हे निवेदन काढून वाचावं.

कचऱ्याच्या प्रश्नाला हेच निकष लावले की वाद वेगळ्या ठिकाणी जाऊन पोचतो. वापरलेल्या इंधनातला पहिल्या काही शतकांचा बहुतेक मारा सीझियम आणि स्ट्रॉन्शिअमचा असतो. तीनशे वर्षांत, म्हणजे दहा अर्धायुष्यांत, ते हजाराव्या भागावर येतात. उरतात ते प्लुटोनिअमसारखे जड, आल्फा सोडणारे पदार्थ, आणि मूळ खनिजाच्या पातळीवर यायला लाखाच्या घरात वर्षं लागतात. पण जमिनीखाली चारशे मीटरवर, फिनलंडमधल्या ओंकालोसारख्या जागी, तांब्याच्या पेटीत आणि चिकणमातीच्या वेढ्यात असलेला आल्फा कण वर राहणाऱ्या माणसाचं काय करणार? काहीच नाही, जोवर तो पदार्थ पाण्याबरोबर वर येत नाही. म्हणून विचारायला हवं ते भूजलाबद्दल. प्लुटोनिअम पाण्यात फारसं विरघळत नाही, चिकणमातीला धरून बसतं. गॅबॉनमधल्या ओक्लो इथे दोन अब्ज वर्षांपूर्वी निसर्गानेच अणुभट्ट्या पेटवल्या होत्या (शोध लागला १९७२ मध्ये), आणि तिथे तयार झालेलं प्लुटोनिअम जागचं फारसं हललं नाही. वाहतं ते आयोडीन-१२९, ज्याचं नाव मोर्चाच्या फलकावर मी कधी वाचलेलं नाही. आर्सेनिक, पारा, शिसं यांना तर अर्धायुष्यच नसतं. ते कायमचेच राहतात, आणि त्यांच्या ढिगाऱ्यांसाठी लाख वर्षांची हमी कुणी मागत नाही. ती मागू नये असं मी म्हणत नाही. दोन्हीकडे मागावी.

कमी डोसचा प्रश्न उरतो. साधारण १०० मिलिसीव्हर्टच्या खाली वाढणारा कर्करोगाचा धोका इतका लहान असतो की इतर कारणांनी होणाऱ्या कर्करोगांच्या गर्दीतून तो वेगळा काढणं फार अवघड जातं. नियमन करणारे सावधगिरी म्हणून धोका डोसच्या प्रमाणात, थेट शून्यापर्यंत जातो असं धरतात. मला ते पटतं. पण सावधगिरीलाही किंमत असते. फुकुशिमा प्रांतात स्थलांतर आणि त्यानंतरच्या हालांमुळे झालेल्या दोन हजारांहून अधिक मृत्यूंची ‘आपत्तीशी संबंधित’ म्हणून अधिकृत नोंद आहे. त्यांत बहुसंख्य वृद्ध. कित्येकांना रुग्णालयांतून आणि वृद्धाश्रमांतून घाईघाईने बसमध्ये बसवून तासन्‌तास फिरवलं गेलं होतं. त्या वयात तिथेच राहून मिळाला असता तो डोस, आणि त्या प्रवासाचा धोका, यांची तुलना करायला त्या दिवसांत कुणाच्या हातात काही नव्हतं.

निदान काही नव्हतं असं म्हटलं गेलं. किरणोत्सर्गी ढग कुठे सरकेल याचा अंदाज देणारी संगणकप्रणाली जपानकडे होती. ११ मार्च २०११ ला सुरू झालेल्या आपत्तीत तिचे निष्कर्ष लोकांसमोर आले ते २३ मार्चला. तोवर नामिए गावातले अनेक रहिवासी १२ मार्चलाच सुरक्षित म्हणून वायव्येच्या त्सुशिमा भागात गेले होते, आणि पुढच्या दिवसांत वाऱ्याने आणि पावसा-बर्फाने सर्वाधिक सीझियम नेऊन टाकलं ते त्याच पट्ट्यात. भट्टीतून किती बाहेर पडतंय हे ठाऊक नसल्याने अंदाज भरवशाचे नव्हते, असा खुलासा नंतर झाला. ‘किती बाहेर पडतंय ते नक्की सांगता येत नाही, पण वारा वायव्येला वळतोय, तिकडे जाऊ नका’ एवढं सांगायला तो आकडा लागत नव्हता.